कीर्तन रंगात आलं आणि माइक गेला: रिचार्जेबल सेल वर्षभरातच का मरतात?

रामबागचे अण्णा

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण मला पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाही. आमच्या घरी म्हणतात, हे मीठ मागायला गेले तरी समुद्रापासून सुरुवात करतात.

मी इंदूरचा. विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्या गल्लीचं छोटंसं मंडळ आहे. दासनवमी, रामनवमी, गोकुळाष्टमी आणि गणपतीचे दहा दिवस, शिवाय कुणाच्या घरी भजन असलं की आमचीच पेटी आणि आमचाच माइक. ‘साउंड’ माझ्याकडे आहे, कारण पंधरा वर्षांपूर्वी एकदा मी सगळ्यांदेखत स्पीकरची तुटलेली वायर डाग देऊन जोडली होती. तेव्हापासून मी इंजिनियर.

कॉर्डलेस माइक दोन आहेत. एक हातात धरायचा आणि एक बुवांचा, कमरेला डबी आणि कॉलरला बोंड. दोन्हींत दोन-दोन पेन्सिल सेल लागतात. पूर्वी दर कार्यक्रमाला नवे अल्कलाइन घालायचो, जुने घरी घड्याळात आणि रिमोटमध्ये जायचे. त्यावर खजिनदारांनी हिशेबाच्या बैठकीत शेरा मारला, की मंडळाच्या पैशावर अण्णांच्या घरातली पाच घड्याळं चालतात. म्हणून गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी आठ रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला. सेलवर २१०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा) छापलंय आणि पाकिटावर ‘१००० वेळा चार्ज करा’. मी हिशेब केला: आठवड्याला एकदा केलं तरी एकोणीस वर्षं. मी सहासष्ट वर्षांचा. म्हटलं, हे सेल मला पोहोचवून परत येतील.

आता परवाची गोकुळाष्टमी. बुवा देवासहून आलेले. पूर्वरंग झाला, कृष्णजन्म झाला, पाळणा सुरू होणार, बायका दोरी धरून उभ्या आणि बुवांची डबी बंद. बरोबर चाळीस मिनिटं चालली. बुवा जुन्या वळणाचे, त्यांनी आवाज चढवून वेळ निभावली. पण खजिनदार माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मला अजून दिसते. सेल आदल्याच रात्री चार्जरला लावले होते, म्हणजे भरलेले होते!

आता माझी पद्धत सांगतो, हसू नका. कार्यक्रम झाला की डबी आणि माइक पिशवीत जातात. सेल त्यातच राहतात, कधी महिनाभर. पुढचा कार्यक्रम आला की काढून चार्जरमध्ये टाकतो. चार्जर चार खणांचा, दोन खणांमिळून एक लाल दिवा. तो दिवा कधी विझत नाही की हिरवा होत नाही. चार्जर एक्स्टेन्शन बोर्डावर असतो आणि बोर्ड इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर, कारण तिथेच प्लग रिकामा आहे. रात्री लावतो, आठवण झाली की काढतो. कधी सकाळी, तर कधी तिसऱ्या दिवशी. कुठला सेल कुणाबरोबर, याचा हिशेब नाही. हाताला येतील ते चार.

सल्ले तीन मिळालेत. मेहुणा म्हणतो, पूर्ण रिकामे केल्याशिवाय चार्ज करायचे नाहीत, सेलला ‘मेमरी’ असते. पुण्यातला मुलगा म्हणतो, मोबाइलसारखं वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवा. चार्जरचा खोका म्हणतो, १४ ते १६ तास. तिघांपैकी कुणाचं ऐकू? गणपतीला नऊ-दहा दिवस राहिलेत.

मांडवीकर

अण्णा, बडोद्याहून नमस्कार. माझा सल्ला चौथा: रिचार्जेबलचा नाद सोडा. आमच्याकडे भजनाला सरळ अल्कलाइन घालतो. वर्षाला बारा कार्यक्रम, चोवीस सेल, घाऊक घेतले तर खर्च किती होतो? त्यात चार्जर, तो शोधा, सेल शोधा, लावायला विसरा, काढायला विसरा. मीही एकदा ऑनलाइन ‘५२०० एमएएच’ लिहिलेले चार घेतले होते. नातवाच्या गाडीत अर्धा तास चालले.

घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये तर रिचार्जेबल घालूच नका. तिथे साधा सेल वर्ष-दीड वर्ष जातो. तिथे चार्जिंगची कमाई शून्य.

उज्ज्वला (सुदामानगर)

अण्णा, मी पण इंदूरचीच. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझंही उत्तर लांबणार. मांडवीकरांचं घड्याळ-रिमोटचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तुमच्या माइकला रिचार्जेबलच योग्य आहेत. सेल काही वाईट नव्हते, तुम्ही त्यांना भाजलेत.

आधी मेहुण्यांचं. ‘मेमरी’ ही निकेल-कॅडमियमची गोष्ट. तो सेल १८९९ साली स्वीडनच्या युंगनरनं केला. पुढे असे सेल उपग्रहांत गेले. तिथे दर फेरीत ते ठरावीकच रिकामे व्हायचे आणि पुन्हा भरले जायचे, आणि काही काळानं त्या ठरावीक खुणेपाशी त्यांचा दाब (व्होल्टेज) उतरायला लागायचा. तिथून ‘सेलला सवय लागते’ ही समजूत घरोघरी पोचली. तुमच्याकडे आहेत ते निकेल-मेटल हायड्राइड. त्यांना ही खोड नावापुरती असते आणि असलीच तर दोन-तीन वेळा नीट उतरवून भरल्यावर जाते. दर वेळी तळापर्यंत उपसण्याची काही गरज नाही. उलट त्यात धोका आहे, तो पुढे सांगते.

चिरंजीवांचं म्हणणं मोबाइलसाठी ठीक. ती लिथियम-आयन. तिला काठोकाठ भरून तसंच ठेवणं मानवत नाही. निकेलवाल्याला पूर्ण भरलेलं चालतं. त्याला मानवत नाही ते भरल्यानंतरचं भरणं.

ते असं. सेल भरत आला की धन बाजूला ऑक्सिजन सुटायला लागतो. तो पलीकडे ऋण बाजूला जाऊन पुन्हा जिरतो, म्हणून सेल फुटत नाही. पण त्या क्षणापासून तुमची सगळी वीज उष्णता होते. तुमच्या चार्जरच्या मागे बारीक अक्षरांत बहुतेक २०० मिलिअँपिअर लिहिलं असेल, बघा. २१०० च्या सेलला हा साधारण दहावा हिस्सा. थोडी वीज वाया जाते म्हणून दहाऐवजी १४ ते १६ तास. खोका खोटं बोलत नाही. पण सोळा तासांनी थांबवायचं काम तुमचं आहे, तो चार्जर स्वतः थांबत नाही. तिसऱ्या दिवशी काढलेत म्हणजे जवळजवळ दोन दिवस प्रत्येक सेलच्या पोटात पाव वॉटची शेगडी चालू होती. जुने कॅडमियमवाले हे पुष्कळ सोसायचे, हायड्राइडवाले तितकं सोसत नाहीत. आतलं पाणी कमी होत जातं, ऋण बाजूचा मिश्रधातू गंजतो, सेलचा अंतर्गत विरोध वाढतो. फारच झालं तर टोपीखालची झडप उघडते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. धन टोकाभोवती पांढरी खरपुडी दिसते का पाहा. ती दिसली तर बोटानं खरवडू नका.

आणि हे सगळं इन्व्हर्टरवर! अण्णा, मे महिन्यात इंदुरात चाळिशी पार होते. त्यात फळीखाली ट्रान्सफॉर्मर तापलेला. हे सेल चार्ज करायला ४५ अंशांच्या वर हवा नको असते. रात्री माळव्यात छान गार वारा सुटतो तो आपल्यासाठी, तुमच्या फळीपर्यंत तो पोचत नाही.

आता सगळ्यात मोठा गुन्हा: हाताला येतील ते सेल. दोन खणांना एक दिवा, म्हणजे ते दोघे एका माळेत आहेत. दोघांतून वीज तेवढीच जाते. एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असा जोड लावलात तर पहिला उतू जाईपर्यंत दुसरा भरतच असतो. वापरताना उलटं. एका गाडीला दोन बैल जुंपलेत आणि एक दमून बसला, तर दुसरा त्याला फरफटत नेतो. विजेच्या भाषेत त्या कमजोर सेलमधून उलट्या दिशेनं दाब चढतो, त्याचे धन-ऋणच पालटतात. एकदा असं झालं की तो सेल पूर्वीसारखा होत नाही. बुवांनी डबी परत देताना बटण बंद केलेलं असतं का? की चालूच पिशवीत जाते?

त्या १००० च्या आकड्याबद्दल: तो प्रयोगशाळेतला. ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या विजेनं भरलं-उतरवलं तर. तुमचे वर्षात चाळीस वेळाही चार्ज झाले नसतील. चाळीस वेळा भरून सेल मरत नाही.

साउंडवाला

आत्या, नंबर एक समजावलंत. मी लग्नाकार्यात साउंड लावतो, दोन गोष्टी जोडतो.

अण्णा, डबीवरच्या बॅटरीच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. त्या काड्या अल्कलाइनच्या हिशेबानं लावलेल्या असतात. अल्कलाइन दीडवर सुरू होतो आणि हळूहळू घसरतो, त्यामुळे काड्या एकेक करून जातात. रिचार्जेबल १.२ ला बसतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच असतो, मग एकदम कोसळतो. म्हणजे भरलेला असला तरी दोनच काड्या दिसतील आणि संपायला आला तरी दोनच. काही महागड्या सेटमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, तुमच्यात असेल तर बदलून ठेवा.

दुसरं, आमच्या धंद्यात नियम आहे: शो संपला की सेल बाहेर. बटण चालू राहिलं की बंद, हा वादच नको. डबी रिकामी घरी जाते. आणि मोठ्या कार्यक्रमाला खिशात चार नवे अल्कलाइन असतातच. त्यात कमीपणा नाही भिया, पाळणा थांबायला नको.

रामबागचे अण्णा

उज्ज्वलाताई, तुमचं उत्तर मी हिला वाचून दाखवलं. ‘भाजलेत’ या शब्दावर ती इतकी हसली की चहा सांडला. चार्जरच्या मागे भिंगातून पाहिलं: २०० मिलिअँपिअर. तुम्हाला कसं कळलं? आणि बटणाचं काय सांगू. बुवांना विचारायची हिंमत नाही, पण डबी पिशवीतून काढली तेव्हा बटण चालूवरच होतं.

मग मी जरा कामाला लागलो. सेलना हिच्या नेलपेंटनं १ ते ८ आकडे घातले (गुलाबी, त्यातल्या त्यात फिका). सोळा तासांचा गजर लावून सगळे भरले, बोर्ड फळीवरून काढून बाहेरच्या खोलीत फरशीवर. मग जेल रोडवरून ४.७ ओहमचे आठ रेझिस्टर आणले, सेलवर ओझं टाकायला प्रत्येकाला एक जोडला आणि रविवारी सकाळी आठला जमिनीवर नईदुनिया पेपर पसरून मल्टिमीटर घेऊन बसलो. दर दहा मिनिटांनी मोजायचं, १ व्होल्टच्या खाली गेला की तो बाद, वेळ लिहायची. दहाला पोहे आले, ते एका हातानं खाल्ले. शेजारचा मुलगा विचारत होता, आजोबा बॉम्ब बनवतायत का.

निकाल असा. १, २, ४ आणि ७ हे साडेसहा तासांच्या आसपास, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे. ५ नंबर पाच तास. ६ नंबर दोन तास दहा मिनिटं. ३ नंबर पंचावन्न मिनिटं. आणि ८ नंबर वीस मिनिटं!

गंमत म्हणजे रेझिस्टर लावायच्या आधी नुसतं मोजलं तेव्हा आठही सेल १.३ च्या वर होते. ८ नंबर तर ५ पेक्षा जास्त दाखवत होता. मी इतकी वर्षं असंच नुसतं मोजून ‘भरलाय’ म्हणत होतो.

मग डबी किती वीज खाते ते मोजलं: १३० मिलिअँपिअर. आणि कागदावर गणित केलं. रेझिस्टरमध्ये साधारण २५० जातात, म्हणजे ८ नंबरमध्ये वीस मिनिटांत ८० च्या आसपास निघाले. १३० नं भागले तर सदतीस-अडतीस मिनिटं. बुवांची डबी चाळीस मिनिटांत गेली होती! त्या रात्री ८ नंबर बुवांच्या कमरेला होता, यावर मी आता पैज लावतो.

आता पुढे काय? हे चार चांगले वाचवायचे कसे?

उज्ज्वला (सुदामानगर)

अण्णा, माझ्या विद्यार्थ्यांनी इतकं निगुतीनं केलं असतं तर मी आनंदानं निवृत्त झाले असते. आणि नुसत्या व्होल्टेजवरून काही कळत नाही, हे तुम्हाला आता पुस्तकाशिवाय कळलं. बिनओझ्याचा बैल कुठलाही ताठच उभा असतो.

१ बरोबर ७ आणि २ बरोबर ४, अशी लग्नं लावून टाका. हे जोड कधी मोडायचे नाहीत, ना चार्जरमध्ये, ना माइकमध्ये. साडेसहा तास म्हणजे साधारण १६०० उरलेत. एका वर्षात हे नुकसान जास्तच, पण तुमच्या अडीच तासांच्या कीर्तनाला पाच पट पुरून उरतं. ५ नंबर एकटाच चालेल अशा जागी द्या, एका सेलची टॉर्च वगैरे. ६ ला तुमच्या रेझिस्टरवर असंच १ व्होल्टपर्यंत उतरवून दोन-तीन वेळा पूर्ण भरा. आळसावला असेल तर वर येईल, म्हातारा झाला असेल तर नाही. ३ आणि ८ ला निरोप.

एक व्होल्टच्या खाली उतरवू नका, आणि उतरवायचं तर एकेकटा, माळेत नाही. रेझिस्टर लावून झोपी जाऊ नका.

चार्जर मात्र बदला. प्रत्येक खण स्वतंत्र असलेला घ्या. त्यातली युक्ती छान आहे: भरत असताना सेलचा दाब वर चढत जातो आणि भरल्यावर किंचित खाली येतो, पाच-दहा मिलिव्होल्ट. चार्जर ती घसरण पकडतो आणि थांबतो. यात एक उलटा भासणारा मुद्दा आहे. फार सावकाश चार्ज केलं तर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही. ‘हळू भरलं की सेलला बरं’ हे तुमच्या जुन्या चार्जरला खरं, या नव्याला नाही. वेग निवडता येत असेल तर २१०० च्या सेलला हजारच्या जवळपास ठेवा, दोन-अडीच तासांत होतात. कोमट लागतील, ते चालतं. हातात धरवत नाहीत इतके तापले तर काढा.

पुढच्या वेळी सेल घेताना ‘कमी झिरपणारे’ घ्या. साधा हायड्राइड नुसता ठेवला तरी महिन्याभरात पंचवीस-तीस टक्के गळतो, उन्हाळ्यात आणखी. जपानच्या सान्योनं २००५ मध्ये एनेलूप काढले तेव्हा त्यांचा मोठेपणा हाच होता, की वर्षभर ठेवूनही पंच्याऐंशी टक्के शिल्लक. आता तसे इतरही मिळतात. आकडा थोडा लहान दिसतो, १९००-२०००. त्याला भुलून मोठ्या आकड्याचे घेऊ नका. या मापाच्या निकेल सेलमध्ये खरा आकडा तीन हजारांच्या आतच असतो. मांडवीकरांच्या ५२०० मध्ये काय भरलं होतं देव जाणे.

लष्करचा पंत

ग्वाल्हेरहून बोलतोय. चाळिशीला गरम म्हणणाऱ्या इंदूरकरांनी एकदा आमच्याकडे जूनमध्ये यावं, पारा ४५ च्या पुढे जातो आणि रात्रीही भिंती धग सोडतात. मी सेल झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या दारात ठेवतो, चार्ज करायच्या तासभर आधी बाहेर काढतो. चुकतंय का?

दुसरं, या धाग्यावर वाचून मी माझा इमर्जन्सी लाइटही ‘पूर्ण उतरवून’ कपाटात ठेवला असता, म्हणून विचारतो. तो तर शिशाच्या बॅटरीचा आहे ना? मागचा असाच मेला. वीज गेली, वापरला, संपला, दिवाळीला काढला तर डोळा उघडेना.

उज्ज्वला (सुदामानगर)

पंत, फ्रीजचं चुकत नाही. थंडीत झिरपणं कमी होतं. डबा हवाबंद असू द्या आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर दव धरतं. फ्रीजरमध्ये मात्र नको.

शिशाचा नियम अगदी वेगळा. ती बॅटरी कधीही रिकामी ठेवायची नाही. वापरली की त्याच दिवशी भरायची, नुसती ठेवली तरी दोन-तीन महिन्यांनी भरायची. रिकामी राहिली की पाट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, ते मग परत विरघळत नाहीत. अण्णांच्या फळीखालच्या इन्व्हर्टरलाही हेच लागू, आणि त्याला डिस्टिल्ड वॉटर. अण्णा, ते बघता ना?

रामबागचे अण्णा

बघतो, बघतो. (आजच बघितलं. दोन बाटल्या लागल्या.)

अनंतचतुर्दशी झाली, आता हिशेब देतो. नवा चार्जर अकराशेला पडला, खणाखणाचा आकडा दाखवणारा. मंडळाकडे मागितले नाहीत, कारण चुलीवर सेल भाजले मी. १-७ आणि २-४ या जोड्यांवर दहाही दिवस दोन्ही माइक चालले. एक दिवस आड करून चार्ज केले, तेही गरजेपेक्षा जास्तच होतं. सातव्या दिवशी अथर्वशीर्षाची आवर्तनं, मग लहान मुलांच्या स्पर्धा, मग कीर्तन, सगळं मिळून सहा तास, तेव्हाही डबी बंद पडली नाही. खिशात चार अल्कलाइन होते ते खिशातच राहिले. सातव्या दिवशीच्या कीर्तनानंतर बुवांकडून डबी मी स्वतः घेतली, त्यांच्यासमोर सेल काढले. ते म्हणाले, अण्णा, विश्वास नाही का? मी म्हटलं, बुवा, बटणावर नाही.

६ नंबरला तीन फेऱ्या दिल्या. दोन तास दहावरून तीन तास पंचवीसवर आला आणि तिथेच थांबला. आता तो नातीच्या बोलणाऱ्या पोपटात आहे, तिथे एकच सेल लागतो.

एक किस्सा. मांडवीकरांचे ५२०० वाले वाचून आठवलं, की मुलानं पाठवलेले तसलेच दोन सेल घरात पडले होते. सराफ्यात एका ओळखीच्या सोनाराकडे गेलो आणि काट्यावर ठेवायला लावले. माझे २१०० वाले २७ ग्रॅम भरले. ते ५२०० वाले १४! सोनार चष्म्यावरून बघत म्हणाला, “काकाजी, ये कितने टंच का है?” मी म्हटलं, यात सोनं नाही आणि बॅटरीही नाही. अख्ख्या पेढीवर तीच गोष्ट चालली होती.

३ आणि ८ कचरागाडीत दिले. आमच्याकडे गाडीला घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा खण आहे, त्यात. गाडीवाल्यानं गुलाबी आकडे बघून विचारलं, हे काय खेळाडू आहेत का.

साउंडवाला

८ नंबरची जर्सी निवृत्त करा अण्णा.

मांडवीकर

मी अजूनही अल्कलाइनवालाच. पण ते वजनाचं पटलं. आमच्या नातवाच्या गाडीतले सेल आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. पंधरा ग्रॅम. सुनेनं काटा धुऊन घेतला.

लष्करचा पंत

अण्णा, तुमचं बघून मीही ४.७ ओहमचा रेझिस्टर आणला. सेलला लावला, पाच मिनिटांत इतका तापला की बोटाला चटका बसला. तुम्ही दिवसभर वर्तमानपत्रावर कसा ठेवलात?

रामबागचे अण्णा

पंत, तुम्ही पाव वॉटचा आणलात. यात पाव वॉटपेक्षा थोडं जास्तच जातं. १ वॉटचा मागा, तो जाडजूड असतो, दोन रुपये जास्त पडतील. आणि वर्तमानपत्रावर नको, मी पण नंतर ताटलीत ठेवले. हिनं बघितलं तेव्हा.